किती ड्रोन घेतले यापेक्षा किती बनवता येतील: लष्करी उत्पादनक्षमता आणि संसदीय देखरेख

लष्करी ड्रोनविषयी कायदेमंडळासमोर जे आकडे मांडले जातात, त्यांत तीन वेगवेगळ्या गोष्टी बहुतेक वेळा एकमेकींत मिसळलेल्या असतात. किती ड्रोनची मागणी नोंदवली हा पहिला आकडा, किती प्रत्यक्ष सैन्याच्या हाती पडले हा दुसरा, आणि युद्ध सुरू झाल्यावर कारखाने दरमहा किती ड्रोन बनवत राहतील हा तिसरा. पहिला आकडा घोषणेला सोयीचा असतो आणि दुसरा थोड्या चिकाटीने मिळवता येतो. तिसरा मात्र फार थोडे लोकप्रतिनिधी विचारतात, आणि माझ्या मते देखरेखीचे खरे काम तिथूनच सुरू होते.

याचे कारण या शस्त्राच्या स्वभावात आहे. लढाऊ विमान किंवा युद्धनौका तीस-चाळीस वर्षे वापरण्यासाठी घेतली जाते. आघाडीवरचा छोटा हल्लेखोर ड्रोन एकदाच उडतो आणि लक्ष्यावर आदळून संपतो, किंवा त्याआधीच शत्रूच्या जॅमरमुळे, म्हणजे रेडिओ-संपर्क तोडणाऱ्या यंत्रामुळे, भरकटून पडतो. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्या संरक्षणमंत्र्यांनी काढलेल्या आदेशात छोट्या ड्रोनना विमानांसारखी टिकाऊ मालमत्ता न मानता दारूगोळ्यासारखी वापरून संपणारी वस्तू मानावे, असे सांगितले गेले, ते यामुळेच. आता केवळ साठा करून ठेवावा, तर तेही पुरत नाही. युक्रेनच्या युद्धात रेडिओ लहरी, सॉफ्टवेअर आणि मार्गदर्शनाची पद्धत काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बदलावी लागते. दोन वर्षांपूर्वी गोदामात रचलेला ड्रोन आजच्या जॅमरसमोर निरुपयोगी ठरू शकतो. धान्याचे कोठार भरलेले असणे आणि शेत पिकते असणे यांत जो फरक आहे, तोच इथे साठा आणि उत्पादनक्षमता यांत आहे. म्हणून खरेदीची बिले तपासून देखरेख पूर्ण होत नाही. कारखान्याची चालू स्थिती, त्याला लागणारे सुटे भाग, चाचणीची सोय आणि रचना बदलण्याचा वेग या सगळ्यांकडे कायदेमंडळाला पाहावे लागते.

कारखान्याकडे पाहण्याची ही पद्धत नवी नाही. मार्च १९४१ मध्ये अमेरिकेच्या सिनेटने संरक्षण उत्पादनाच्या चौकशीसाठी एक विशेष समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद मिसूरीचे सिनेटर हॅरी ट्रुमन यांच्याकडे दिले. सुरुवातीला समितीला खर्चासाठी केवळ १५,००० डॉलर मिळाले होते. तिने छावण्यांची बांधकामे, अॅल्युमिनियम आणि रबर यांचा तुटवडा, जहाजबांधणी, विमानांची इंजिने अशा गोष्टी एकामागून एक हाती घेतल्या. १९४३ मध्ये ओहायो राज्यातील लॉकलंड येथील विमान-इंजिनांच्या कारखान्यात तपासणीच्या नोंदी खोट्या केल्या जात असून सदोष इंजिने पुढे पाठवली जात असल्याचे समितीने उघड केले. संख्या पुरी झाल्याचे दाखवण्याच्या दबावाखाली गुणवत्ता सर्वांत आधी बळी जाते, हे त्या प्रकरणात स्पष्ट दिसले. ट्रुमन यांनी आणखी एक मर्यादा जाणीवपूर्वक पाळली. अमेरिकी यादवी युद्धाच्या काळात काँग्रेसच्या एका समितीने सेनापतींच्या डावपेचांत ढवळाढवळ केली होती. ट्रुमन यांना तो इतिहास ठाऊक होता, आणि म्हणून त्यांच्या समितीने रणनीतीला हात न लावता उत्पादन, करार आणि पैसा यांवरच लक्ष ठेवले. ड्रोन कुठे वापरायचे हे सैन्याने ठरवावे, ते बनवण्याची ताकद देशात आहे की नाही हे संसदेने विचारावे, ही विभागणी मला आजही योग्य वाटते.

आता ही ताकद नेमकी कशात असते ते पाहू. छोट्या हल्लेखोर ड्रोनमध्ये चौकट, चार मोटारी, मोटारींचा वेग सांभाळणारी सर्किटे, उड्डाण-नियंत्रक, बॅटरी, कॅमेरा, रेडिओ आणि स्फोटक एवढे भाग असतात. हे भाग जुळवण्याचे काम टेबलावर बसून थोड्या प्रशिक्षणाने करता येते. त्यामुळे एखादी कंपनी महिन्याला दहा हजार ड्रोन जुळवू शकते असे सांगते, तेव्हा ती खोटे बोलत असेलच असे नाही. पण ती फक्त शेवटच्या पायरीची क्षमता सांगत असते. मोटारीतल्या चुंबकासाठी निओडिमियम हे ‘दुर्मीळ मृदा’ गटातले मूलद्रव्य लागते आणि अशा दुर्मीळ मृदा चुंबकांच्या जागतिक उत्पादनाचा फार मोठा हिस्सा चीनमध्ये आहे. एप्रिल २०२५ मध्ये चीनने सात दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांच्या निर्यातीला परवान्याची अट घातली. त्यांत उष्णतेतही चुंबकत्व टिकवणारी डिस्प्रोशियम आणि टर्बियम ही मूलद्रव्ये होती. बॅटरीच्या बाबतीतही हेच घडले. ऑक्टोबर २०२४ मध्ये चीनने स्कायडिओ या अमेरिकी ड्रोन कंपनीवर निर्बंध घातले, आणि कंपनीला आपल्या ग्राहकांना प्रत्येक ड्रोनमागे एकच बॅटरी देण्याची वेळ आली. जुळणीची जागा, कामगार, मागणी हे सगळे जागेवर असताना एका भागामुळे काम अडले.

स्फोटक आणि ते योग्य क्षणी पेटवणारा भाग यांची अडचण आणखी वेगळी असते. स्फोटकांचे काम सर्वसाधारण इलेक्ट्रॉनिक्सच्या शेडमध्ये होत नाही. त्याला वेगळे परवाने, वस्तीपासून अंतर, सुरक्षित साठवण आणि अनुभवी माणसे लागतात, आणि यांतली कोणतीही गोष्ट काही आठवड्यांत उभी राहत नाही. म्हणून एखाद्या समितीने ‘तुमची क्षमता किती’ असा एकच प्रश्न विचारला, तर तिला कागदावरचा आकडा मिळेल. ‘या साखळीतला सर्वांत दुबळा दुवा कोणता, आणि तो तुटला तर किती दिवसांनी जुळणी थांबेल’ असे विचारले, तर उत्तर देणाऱ्याला आपल्या पुरवठादारांची, आणि त्या पुरवठादारांच्याही पुरवठादारांची यादी काढावी लागेल. अनेक कंपन्यांकडे अशी यादी दुसऱ्या-तिसऱ्या पायरीच्या पलीकडे तयार नसते.

या ठिकाणी कायदेमंडळाची स्वतःची जबाबदारीही येते. अमेरिकी काँग्रेसने २०२० या आर्थिक वर्षाच्या संरक्षण कायद्यातील ८४८ व्या कलमाने संरक्षण खात्याला चिनी ड्रोन आणि त्यांचे काही महत्त्वाचे भाग खरेदी करण्यास मनाई केली, आणि डिसेंबर २०२३ मध्ये संमत झालेल्या कायद्याने ही बंदी सरकारच्या इतर विभागांपर्यंत नेली. सुरक्षेच्या दृष्टीने या बंदीमागचे कारण समजण्यासारखे आहे. मात्र स्वस्त भागांचा सर्वांत मोठा स्रोत बंद केल्यावर किंमत वाढणार आणि काही काळ संख्या घटणार, हेही त्याच निर्णयाचे फळ असते. बंदीच्या बाजूने मत दिल्यानंतर, पर्यायी उत्पादन उभे राहण्यासाठी किती पैसा आणि किती वेळ दिला, याचा हिशेब संसदेने स्वतःलाही विचारायला हवा.

पैशाच्या बाजूने पाहिले तर अमेरिकेतील अलीकडची दोन उदाहरणे बरेच काही सांगतात. ऑगस्ट २०२३ मध्ये तत्कालीन उपसंरक्षणमंत्री कॅथलीन हिक्स यांनी ‘रेप्लिकेटर’ हा उपक्रम जाहीर केला. अठरा ते चोवीस महिन्यांत हजारोंच्या संख्येने स्वस्त, गमावले तरी चालतील असे स्वयंचलित ड्रोन सैन्याला द्यायचे, हे त्याचे उद्दिष्ट होते. कोणत्या प्रकारचे ड्रोन आणि किती, याचा बराचसा तपशील गोपनीय ठेवला गेला; स्विचब्लेड-६०० या हल्लेखोर ड्रोनची त्यासाठी निवड झाल्याचे मे २०२४ मध्ये सांगितले गेले. काँग्रेसच्या सदस्यांनी माहिती अपुरी असल्याच्या तक्रारी केल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये मुदत संपली, तेव्हा प्रत्यक्ष पोहोचलेली संख्या हजारांत नसून शेकड्यांत असल्याच्या बातम्या आल्या. दुसरे उदाहरण जुलै २०२५ च्या मोठ्या खर्च कायद्याचे. त्यात छोट्या ड्रोनचा औद्योगिक पाया वाढवण्यासाठी १४० कोटी डॉलर दिले गेले आणि ती रक्कम सप्टेंबर २०२९ अखेरपर्यंत वापरता येईल. नेहमीच्या वार्षिक तरतुदीबरोबर कोणत्या कार्यक्रमाला किती, याचे ओळीओळीचे तक्ते आणि समितीच्या सूचना जोडलेल्या असतात. इथे मात्र हेतू आणि रक्कम एका ओळीत आटोपली. वेग हवा असेल तर मोकळीक द्यावी लागते, हे मान्य. पण मोकळीक दिली की आधी मिळणाऱ्या माहितीची जागा नंतर मिळणाऱ्या काटेकोर हिशेबाने भरून काढावी लागते, आणि ती व्यवस्था कायद्यातच लिहिलेली बरी.

जुनी साधने इथे का अपुरी पडतात, हे समजण्यासाठी अमेरिकी कायद्यातील नन-मॅकर्डी तरतूद पाहावी. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून लागू असलेल्या या नियमानुसार, मोठ्या शस्त्रकार्यक्रमात प्रत्येक नगाचा खर्च ठरलेल्या चालू अंदाजापेक्षा १५ टक्क्यांनी वाढला तर काँग्रेसला कळवावे लागते, आणि वाढ २५ टक्क्यांवर गेली तर, संरक्षणमंत्र्यांनी कार्यक्रमाची गरज लेखी प्रमाणित केल्याशिवाय, तो रद्द होण्याकडे जातो. ही धोक्याची घंटा उत्तम आहे, पण ती फक्त अत्यंत मोठ्या खर्चाच्या कार्यक्रमांना बांधलेली आहे. ड्रोनची खरेदी अनेक छोट्या करारांत, वेगवेगळ्या दलांकडून, वेगवेगळ्या कंपन्यांकडून होते, आणि त्यांपैकी बहुतेक करार त्या मर्यादेपर्यंत पोहोचत नाहीत. एकूण रक्कम एखाद्या मोठ्या विमानाच्या कार्यक्रमाइतकी झाली तरी घंटा वाजत नाही. शिवाय ड्रोनच्या बाबतीत किंमत वाढणे हा एकमेव धोका नाही. किंमत अगदी ठरल्याप्रमाणे राहिली, पण दरमहा मिळणारी संख्या निम्म्यावर आली, तरी लष्करी दृष्टीने ते अपयशच असते. किमतीऐवजी उत्पादनाच्या गतीवर लावलेली अशी एखादी घंटा हवी, असे मला वाटते. म्हणजे ठरलेल्या मासिक संख्येपेक्षा सलग दोन तिमाहींत ठरावीक टक्क्यांनी घट झाली, की संबंधित समितीला कारणासह कळवणे बंधनकारक व्हावे.

ड्रोनविरोधी यंत्रणांकडे वळल्यावर मोजमाप आणखी अवघड होते. ड्रोन पाडण्यासाठी आधी तो दिसावा लागतो, मग तो आपला की परका हे ओळखावे लागते, आणि मग त्याचा रेडिओ-संपर्क तोडणे, त्याच्यावर गोळा किंवा क्षेपणास्त्र सोडणे, दुसरा ड्रोन आदळवणे किंवा लेझर वापरणे, यांपैकी काहीतरी करावे लागते. म्हणजे रडार, संवेदक, जॅमर, क्षेपणास्त्रे आणि सॉफ्टवेअर असे निरनिराळे उद्योग एकाच क्षमतेत गुंतलेले असतात. जॅमरचे भरपूर उत्पादन केले म्हणून संरक्षण वाढले असे मानावे, तर मागे बारीक प्रकाशतंतू सोडत उडणारे ड्रोन आले. युक्रेनच्या आघाडीवर ते दोन्ही बाजूंनी वापरले जातात. त्यांच्याशी रेडिओने बोलावेच लागत नसल्याने जॅमरचा त्यांच्यावर परिणाम होत नाही, आणि त्या दिशेने वाढवलेल्या उत्पादनाचा तेवढ्यापुरता उपयोग संपतो.

खर्चाचे आणि संख्येचे गणितही इथे उलटे पडते. ६-७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री रशियाने युक्रेनवर, फसवे ड्रोन धरून, ८१० ड्रोन सोडल्याचे युक्रेनच्या हवाई दलाने सांगितले. पॅट्रियट या अमेरिकी हवाई संरक्षण यंत्रणेचे सर्वांत आधुनिक क्षेपणास्त्र बनवणाऱ्या कंपनीचे २०२४ या पूर्ण वर्षाचे जागतिक उत्पादन सुमारे ५०० होते, आणि अशा एका क्षेपणास्त्राची किंमत साधारण ४० लाख डॉलर आहे. रशिया वापरत असलेल्या, इराणी रचनेच्या शाहेद जातीच्या हल्लेखोर ड्रोनची किंमत काही दहा हजार डॉलरांच्या घरात सांगितली जाते. पॅट्रियटचे हे क्षेपणास्त्र मुख्यतः बॅलिस्टिक क्षेपणास्त्रे पाडण्यासाठी आहे, ड्रोनच्या थव्यांसाठी नाही. तेव्हा एका रात्रीचा हल्ला आणि वर्षभराचे उत्पादन शेजारी ठेवण्याचा अर्थ एवढाच, की महागड्या क्षेपणास्त्रांवर विसंबून ही लढाई चालवता येत नाही आणि स्वस्त प्रतिरोधक मोठ्या संख्येने बनवण्याची वेगळी क्षमता लागते. म्हणून समितीने ‘तुमच्याकडे किती यंत्रणा आहेत’ यावर थांबू नये. एका तळावर सलग दहा रात्री हल्ला झाला तर चौथ्या रात्री काय शिल्लक राहील, आणि ते भरून काढायला किती आठवडे लागतील, हा प्रश्न विचारावा. जानेवारी २०२४ मध्ये जॉर्डनमधील ‘टॉवर २२’ या ठाण्यावर एकाच ड्रोनच्या हल्ल्यात अमेरिकेचे तीन सैनिक मारले गेले. या प्रश्नांची उत्तरे उशिरा मिळाली तर किंमत माणसे मोजतात.

इतर देशांच्या संसदांकडे वेगळी हत्यारे आहेत. जर्मनीत अडीच कोटी युरोंहून मोठा प्रत्येक लष्करी खरेदी करार बुंडेस्टागच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, अर्थसंकल्प समितीपुढे आणावा लागतो. तिथल्या राज्यघटनेच्या ४५अ कलमाने संरक्षण समितीला स्वतःचे रूपांतर चौकशी समितीत करण्याचा अधिकारही दिला आहे. ‘युरो हॉक’ या मोठ्या टेहळणी ड्रोनच्या बाबतीत हा अधिकार वापरला गेला. युरोपच्या हवाई क्षेत्रात नियमित उड्डाणाचे प्रमाणपत्र मिळणे जवळजवळ अशक्य आहे हे लक्षात आल्यावर मे २०१३ मध्ये तो कार्यक्रम सोडून देण्यात आला, आणि तोवर पन्नास कोटी युरोंहून अधिक खर्च झाला होता. यंत्र उडत होते, पण त्याला उडण्याची परवानगी मिळवणे हे उत्पादनाइतकेच मोठे काम आहे, हे वेळेवर कोणी रोखठोक विचारले नाही.

युक्रेनचे उदाहरण जास्त अस्वस्थ करणारे आहे, कारण तिथे युद्धही चालू आहे आणि उत्पादनही अफाट वाढले आहे. २०२४ साठी दहा लाख ड्रोनचे लक्ष्य जाहीर झाले होते आणि ते ओलांडले गेले. जुलै २०२५ मध्ये तिथल्या संसदेने भ्रष्टाचारविरोधी संस्थांची स्वायत्तता कमी करणारा कायदा केला, लोक रस्त्यावर उतरले आणि महिनाअखेरीस तो फिरवावा लागला. त्यानंतर दोनच दिवसांत त्याच संस्थांनी ड्रोन आणि जॅमर यांच्या खरेदीतील कथित लाचखोरीचे प्रकरण जाहीर केले. कराराच्या रकमेच्या तीस टक्क्यांपर्यंत पैसे परत घेतले जात असल्याचा आरोप होता, आणि संशयितांत एक विद्यमान खासदारही होता. संसद देखरेख करते तेव्हा संसदेवर देखरेख कोण करते, याचे उत्तर त्या देशात स्वतंत्र तपास संस्था हे होते, आणि त्या वाचल्या म्हणूनच प्रकरण बाहेर आले.

भारतात संरक्षणविषयक स्थायी समिती ३१ सदस्यांची असते: २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. ती अर्थसंकल्पातील संरक्षणाच्या मागण्यांची छाननी करते, अधिकाऱ्यांना बोलावते, अहवाल देते. तिच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात, पण त्यांवर काय कार्यवाही केली हे सरकारला सांगावे लागते. झालेल्या खर्चाचा हिशेब लोकलेखा समिती कॅगच्या अहवालांच्या आधारे तपासते, आणि १९६७ पासून तिचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याची प्रथा आहे. कॅगच्या २०१७ च्या अहवालात दारूगोळ्याच्या १५२ प्रकारांपैकी ६१ प्रकारांचा साठा दहा दिवसांच्या तीव्र युद्धालाही पुरणार नाही असे नोंदवले होते. साठा किती दिवस पुरेल यावरच्या देखरेखीचे हे आपल्याकडचे ठळक उदाहरण, आणि ड्रोन दारूगोळ्यासारखेच संपत असतील तर हेच कोष्टक त्यांच्यासाठीही तयार व्हायला हवे. मे २०२५ मधील संघर्षात ८ मेच्या रात्री पाकिस्तानने ३६ ठिकाणी ३०० ते ४०० ड्रोन सोडल्याचे भारत सरकारने सांगितले होते. त्याआधी, फेब्रुवारी २०२५ मध्ये, चिनी भागांच्या कारणावरून लष्करासाठीच्या ४०० ड्रोनचे करार रद्द झाल्याच्या बातम्या आल्या होत्या. ड्रोन देशात जुळवला गेला यावरून तो देशात बनला असे ठरत नाही, आणि ही तपासणी करार होण्यापूर्वी झाली पाहिजे.

गोपनीयतेचा आक्षेप खरा आहे. आपला कारखाना महिन्याला किती ड्रोन देतो हे शत्रूला कळणे धोक्याचे आहे. परंतु जनतेला न सांगणे आणि संसदेला न सांगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेत याच कारणासाठी बंद दाराआडच्या सुनावण्या आणि गोपनीय जोडपत्रे असतात, आणि भारतात समित्यांच्या बैठका मुळातच खासगीत होतात. नेमका आकडा बंद खोलीत राहू द्यावा; लक्ष्याच्या तुलनेत उत्पादन पुढे आहे की मागे, एवढे उघडपणे सांगितल्याने कोणाचेही नुकसान होत नाही.

उरतो तो पडताळणीचा प्रश्न, कारण वरची सगळी उत्तरे शेवटी खाते किंवा कंपनीच देणार असते. यासाठी मला सर्वांत उपयोगी वाटणारी तरतूद साधी आहे: निवडक कारखान्यांनी वर्षातून एकदा, आगाऊ तयारीची फार संधी न देता, महिनाभर आपल्या जाहीर क्षमतेने उत्पादन करून दाखवावे, त्यातले काही ड्रोन लेखापरीक्षकांनी स्वतः निवडून जॅमरसमोर उडवून पाहावेत, आणि निकाल थेट समितीला कळवावा. असे ड्रोन वाया जात नाहीत, सैन्याच्या प्रशिक्षणाला ते लागतातच. खर्च येतो तो कारखाना वर्षभर तयार ठेवण्याचा: कामगारांचा, सुट्या भागांच्या साठ्याचा आणि किमान मागणीच्या हमीचा. तो खर्च शांततेच्या काळात दरवर्षी मंजूर करत राहायचा की नाही, याचा निर्णय अर्थसंकल्पावर मत देणाऱ्यांनाच घ्यावा लागेल.